संथ गाणे वाजवणाऱ्या बँडविषयी : महाविद्यालयीन बँड स्पर्धांच्या संयोजकांना आणि परीक्षकांना खुले पत्र

प्रति,
पुण्यातील आंतरमहाविद्यालयीन बँड स्पर्धांचे संयोजक आणि परीक्षक यांस,

सप्रेम नमस्कार.

मी गेली चोवीस वर्षे कोथरूडमध्ये गिटार शिकवतो. माझ्याकडे शिकून गेलेली मुले-मुली आपल्या स्पर्धांमध्ये वाजवतात आणि त्यांतली काही आज परीक्षकांच्या खुर्चीवर बसतात. त्यामुळे हे पत्र घरातल्या माणसाने घरातल्यांना लिहिले आहे असे समजून वाचावे, ही विनंती.

निमित्त गेल्या जानेवारीतले आहे. शहरातल्या एका महाविद्यालयाच्या स्पर्धेत (तिचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण हा प्रश्न त्या एका स्पर्धेपुरता नाही) माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या रॉक बँडने आपल्या वीस मिनिटांपैकी शेवटची पाच मिनिटे एका संथ मराठी गाण्याला दिली. हे गाणे त्यांनी आधीच्या ऑगस्टमध्ये स्वतःच्या पैशांनी ध्वनिमुद्रित करून सिंगल, म्हणजे अल्बमशिवाय सुटे गाणे, म्हणून प्रकाशित केले होते. पहिले कडवे संपायच्या आत मागच्या रांगांतून आरोळी आली, "रॉक बँड आहात की भावगीत मंडळ?" सभागृह हसले. पुढे गाणे संपत आले, शेवटची तार अजून वाजत होती, तेवढ्यात निवेदकाने माइक हातात घेऊन पुढच्या बँडचे नाव पुकारले. निकालानंतर मुलांना गुणपत्रक पाहायला मिळाले. वादन आणि मेळ या रकान्यांत गुण चांगले होते. 'ऊर्जा' या रकान्यात वीसपैकी सहा होते आणि त्याच्या शेजारी निळ्या पेनने दोन ओळी लिहिल्या होत्या : "गाणे गोड, पण बँडचा बाज हरवला. एक सदस्य निम्मा वेळ नुसता उभा."

सहा गुण मिळाले याबद्दल माझी तक्रार नाही. स्पर्धा म्हटली की कमी-जास्त होणारच आणि मुलांनीही ते समजून घेतले आहे. पण त्या दोन ओळींमागे जी समजूत आहे ती मला चुकीची वाटते, ती आपल्या बहुतेक स्पर्धांत मी पाहिली आहे, आणि एके काळी ती माझीही होती, म्हणून सविस्तर लिहितो.

१९९२ साली मी अठरा वर्षांचा होतो. नारायण पेठेतल्या एका मित्राच्या घरी नुकतीच केबल आली होती आणि आम्ही पाच जण संध्याकाळी तिथे एमटीव्ही पाहायला जमायचो. 'मेटालिका' हा हेवी मेटल वाजवणारा अमेरिकन बँड आमचा लाडका होता. १९८१ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये सुरू झालेल्या या बँडच्या जुन्या अल्बमांच्या कॅसेट आम्ही एकमेकांकडून उतरवून घ्यायचो, आणि ज्याची कॅसेट सर्वांत घासलेली त्याला जास्त मान असे. एका संध्याकाळी पडद्यावर त्यांचे 'नथिंग एल्स मॅटर्स' लागले. सुरुवातीला नुसती गिटार, तीही एकेक तार सुटी वाजणारी, नंतर बँडचा गायक आणि गिटारवादक जेम्स हेटफिल्डचा नेहमीचा खर्ज आवाज पण ओरडण्याचा लवलेश नसलेला, आणि मागे चक्क व्हायोलिनांचा ताफा. आमच्यातला एक जण उठला आणि त्याने टीव्ही बंद केला. "विकले गेले साले," तो म्हणाला, आणि बाकीच्या चौघांनी मान डोलावली. त्या चौघांत मी होतो.

आम्ही नारायण पेठेत जे बोललो ते अमेरिकेतले त्यांचे श्रोते आठ वर्षांपूर्वीच बोलून बसले होते, हे मला फार उशिरा कळले. १९८४ मधल्या त्यांच्या दुसऱ्या अल्बमवर 'फेड टू ब्लॅक' हे संथ सुरुवातीचे गाणे होते, आणि पहिल्या अल्बमच्या वेगावर जीव टाकणाऱ्या काही चाहत्यांनी तेव्हाच त्यांच्यावर बाजारू झाल्याचा शिक्का मारला होता. १९९१ च्या ऑगस्टमध्ये बँडच्याच नावाचा काळ्या मुखपृष्ठाचा अल्बम आला, १९९२ च्या एप्रिलमध्ये त्यातले हे गाणे सिंगल म्हणून निघाले, आणि तोच शिक्का पुन्हा, जास्त जोराने मारला गेला.

आता बाजाराचाच विचार करायचा तर आकडे काय सांगतात ते पाहावे. त्या अल्बमचा पहिला सिंगल 'एंटर सँडमन' हा दणदणीत, जड गिटारचा होता, आणि तो अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या बिलबोर्ड हॉट १०० यादीत १६ व्या क्रमांकापर्यंत गेला. ज्या संथ गाण्याने बँड विकला गेला असे आम्ही म्हणत होतो, ते त्याच यादीत ३४ व्या क्रमांकापर्यंतच पोहोचले. ब्रिटनमध्ये ते सहाव्या क्रमांकावर गेले हे खरे, पण अमेरिकेतल्या ज्या बाजाराला शरण गेल्याचा आरोप होता, त्या बाजाराने त्या वेळी दणदणाटालाच वरचा क्रमांक दिला होता. ते गाणे मोठे झाले ते हळूहळू, वर्षे जातील तसे, लोक पुन्हा पुन्हा त्याच्याकडे वळत राहिले म्हणून.

आणि ते गाणे जन्मले कसे हे पाहिले तर 'विकले जाणे' हा शब्द आणखीच पोकळ वाटतो. हेटफिल्ड एका हातात फोन धरून आपल्या मैत्रिणीशी बोलत होता आणि मोकळ्या हाताने मांडीवरच्या गिटारच्या तारा छेडत होता. डावा हात गुंतलेला, म्हणून पडदे दाबता येत नव्हते. म्हणूनच त्या गाण्याची सुरुवात पूर्ण मोकळ्या तारांची आहे. मी वर्गात हे प्रत्यक्ष करून दाखवतो. अंगठा सहाव्या तारेवर, तर्जनी तिसऱ्या, मधले बोट दुसऱ्या आणि अनामिका पहिल्या तारेवर ठेवायची. अंगठा, तर्जनी, मधले, अनामिका, आणि तिथून परत मधले, तर्जनी. सहा ठोके, दादऱ्यासारखे. डाव्या हाताने काहीही करायचे नाही, तो मांडीवर ठेवायचा. आठवड्यापूर्वी गिटार हातात घेतलेले मूलही हे वाजवू शकते, आणि आपल्या बोटांतून ते ओळखीचे गाणे बाहेर पडलेले ऐकून त्याचा चेहरा जो फुलतो तो मी शेकडो वेळा पाहिला आहे. हेटफिल्डला ते गाणे बँडसाठी नकोच होते, ते त्याचे खासगी होते. ड्रमर लार्स उलरिकने ऐकले आणि ते अल्बमवर यायलाच हवे असे ठरले.

आता गुणपत्रकातल्या दुसऱ्या वाक्याकडे, "एक सदस्य निम्मा वेळ नुसता उभा" याकडे येतो. 'नथिंग एल्स मॅटर्स'च्या मूळ ध्वनिमुद्रणात बँडचा मुख्य गिटारवादक कर्क हॅमेट एकही स्वर वाजवत नाही. सुरुवातीची मोकळी तारही हेटफिल्डची आणि शेवटचे एकल वादनही त्याचेच. हॅमेटला ते गाणे नंतर मंचावर वाजवण्यासाठी शिकून घ्यावे लागले. त्याच सुमारास, १९९१ च्या जूनमध्ये, बोस्टनच्या 'एक्स्ट्रीम' या बँडचे 'मोअर दॅन वर्ड्स' हे गाणे हॉट १०० मध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचले. त्यात एक गिटार आणि दोन आवाज आहेत, ड्रम नाहीत, आणि चित्रफितीत ड्रमर आणि बासवादक आपली वाद्ये बाजूला ठेवून बसलेले दिसतात. त्याच्याही आधी, १९७६ साली, चेहरे रंगवून आणि आगीचे लोळ उडवून गाणाऱ्या 'किस' या बँडचे 'बेथ' हे गाणे सिंगलच्या मागच्या बाजूला टाकले होते. ड्रमर पीटर क्रिस ते गातो, साथीला पियानो आणि वाद्यवृंद, बँडमधला दुसरा कोणीही त्यात वाजवत नाही. रेडिओवाल्यांनी तबकडी उलटी करून तीच बाजू वाजवायला सुरुवात केली आणि ते सातव्या क्रमांकापर्यंत गेले. या तिन्ही गाण्यांना आपला 'ऊर्जा'चा रकाना लावला तर किती गुण पडतील, याचा आपण शांतपणे विचार करावा असे मला वाटते.

सगळी संथ गाणी चांगली असतात असे माझे म्हणणे नाही. ऐंशीच्या दशकात अमेरिकेतल्या अनेक रॉक बँडच्या अल्बमवर एक तरी प्रेमगीत हवे असा ठराविक साचाच होऊन बसला होता : आधी हळू गिटार, मग दणक्यात ड्रम, मग उंच सुरातला आलाप. अशी साच्यातली गाणी आपल्याकडच्या मुलांनीही केली आहेत आणि ती ऐकताना मलाही कंटाळा येतो. शिवाय गाण्याच्या यशाने बँड अडकतोही. 'एक्स्ट्रीम'चा तो अल्बम त्या एका गाण्यासाठी विकत घेणाऱ्यांना आत जोरकस फंक आणि मेटल सापडले आणि बरेच जण गोंधळले. म्हणून परीक्षकांनी संथ गाण्याला सूट द्यावी असे मी म्हणत नाही. त्या गाण्याला संथ असण्याची गरज होती का, हे पाहावे. आणि ते पाहायचे तर आधी ऐकावे लागते.

या मुलांच्या गाण्याला ती गरज होती. गाणे लिहिणाऱ्या मुलीची आई एका रुग्णालयात परिचारिका आहे आणि महिन्यातले दहा-बारा दिवस तिला रात्रपाळी असते. सकाळी सातनंतर ती घरी येते. जिन्यात शेजाऱ्यांची झोपमोड नको म्हणून चपला हातात घेऊन वर चढते, आणि ती झोपली की दुपारपर्यंत त्या घरात सगळे दबक्या आवाजात चालते : मिक्सर बंद, कुकरची शिट्टी होऊ द्यायची नाही, आणि मुलीची गिटार ॲम्प्लिफायरला न जोडता. ती मुलगी सात वर्षे त्या दबक्या घरात गिटार वाजवायला शिकली. तिने आईवर गाणे लिहिले तेव्हा ते दणदणीत होणे शक्यच नव्हते. दुसरा गिटारवादक पहिली दोन कडवी वाजवत नाही, कारण त्या दोन कडव्यांत आई झोपलेली आहे. तो वाद्य गळ्यात घालून, तारांवर तळहात ठेवून उभा असतो, म्हणजे चुकूनही झंकार उठू नये. ही त्याची जबाबदारी आहे आणि तो ती नीट पार पाडतो. परीक्षकांनी त्याला नुसता उभा पाहिला. तळहात तारांवर होता, हे बहुधा दिसले नसावे.

संथ वाजवणे सोपे असते असेही अनेकांना वाटते. हे गाणे मिनिटाला साठ ठोक्यांचे आहे. म्हणजे एका ठोक्यापासून दुसऱ्या ठोक्यापर्यंत पूर्ण एक सेकंद जातो, आणि तो सेकंद ड्रमरला रिकाम्या हातांनी मोजावा लागतो. मिनिटाला एकशे ऐंशीच्या गाण्यात ठोका किंचित पुढे-मागे झाला तर पुढचा लगेच येऊन त्याला झाकतो. इथे झाकायला काहीच नसते. मी त्यांच्या सरावाला सिंहगड रस्त्यावरच्या जॅम रूममध्ये दोनदा गेलो होतो. ड्रमर, जो एरवी जलद गाण्यात दोन्ही पायांनी बास ड्रम पिटतो, तो मेट्रोनोम (ठोके मोजून देणारे यंत्र) लावून नुसता हायहॅट, म्हणजे ड्रमच्या बाजूची झांजांची जोडी, धरून बसला होता, आणि तिसऱ्या कडव्याला लय पळते म्हणून त्याने तेच कडवे तासभर वाजवले. घामाने त्याचा शर्ट भिजला होता. ऊर्जेचा रकाना भरायचाच असेल तर ती तिथेही खर्च झाली होती.

"भावगीत मंडळ" ही आरोळी मला जास्त लागली ती एका वेगळ्या कारणाने. हे शहर गणेशोत्सवात गजाननराव वाटवे यांची भावगीते ऐकायला रस्त्यांत गर्दी करत असे, हे आपल्या आजी-आजोबांच्या आठवणीतले आहे. त्या काळी एक आवाज आणि थोडी साथ एवढ्यावर लोक उभ्याने ऐकत. याच शहरात १९५३ पासून सवाई गंधर्व महोत्सव होतो आणि विलंबित एकतालातला ख्याल तासभर मांडी घालून ऐकणारे हजारो लोक तिथे आजही येतात. समेवर यायला गायकाने वेळ घेतला म्हणून कोणी ओरडत नाही. त्या मंडपात महाविद्यालयीन मुलेही असतात, कदाचित तीच मुले जानेवारीत आपल्या सभागृहात असतात. ऐकण्याचा संयम पुणेकरांकडे आहे. रॉक बँड म्हटल्यावर मात्र तो गुंडाळून ठेवायचा असतो असे त्यांना कुठेतरी शिकवले गेले आहे, आणि मला वाटते, 'ऊर्जा' नावाच्या रकान्याने ते शिकवण्यात वाटा उचलला आहे. मुले रकान्यांप्रमाणे गाणी निवडतात. माझ्याकडे सरावाला येणारे बँड सर्रास सांगतात, "सर, स्लो नको, मार्क जातात."

त्या बँडला सिंगल प्रकाशित झाल्यावर काय काय ऐकावे लागले तेही सांगतो. त्यांच्या जुन्या श्रोत्यांपैकी काहींनी तोंडावर सांगितले की तुम्ही मऊ झालात. एका महाविद्यालयाच्या महोत्सवातून फोन आला की बाकी सगळी गाणी वाजवा, तेवढे एक सोडा. दुसरीकडे, आईच्या वॉर्डातल्या परिचारिकांनी ते गाणे रात्री चहाच्या वेळी फोनवर ऐकले आणि त्यांपैकी तिघींनी आपापल्या मुलांना पाठवले. याला लोकप्रियता म्हणता येणार नाही. पण ज्यांच्यावर गाणे आहे त्यांच्यापर्यंत ते पोहोचले, ही गोष्ट कुठल्याही गुणपत्रकात मावत नाही म्हणून इथे लिहून ठेवतो.

माझे स्वतःचे मत बदलले ते २०११ मध्ये. त्या वर्षी ३० ऑक्टोबरला 'मेटालिका'चा बंगळूरला कार्यक्रम झाला. त्याआधी दोन दिवस गुडगावला व्हायचा होता तो रद्द झाला होता. पुण्याहून रात्रीच्या बसने आम्ही सात जण गेलो होतो, त्यात नारायण पेठेत टीव्ही बंद करणारा तो मित्रही होता. पॅलेस ग्राउंड्सवर पाऊस होऊन चिखल झाला होता. त्यांच्या जलद गाण्यांवर त्या चिखलात उड्या मारणारी हजारो माणसे त्या मोकळ्या तारा सुरू झाल्याबरोबर थांबली आणि सगळ्यांनी ते गाणे म्हटले, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत. माझा मित्र म्हणत होता. त्याला सगळे शब्द पाठ होते, म्हणजे एकोणीस वर्षांत कधीतरी त्याने ते एकट्याने खूपदा ऐकलेले होते आणि आम्हाला सांगितले नव्हते. मीही त्याला सांगितले नव्हते. आम्ही दोघे अठराव्या वर्षी एकमेकांसमोर जे लपवत होतो ते आजच्या मुलांनी लपवू नये, हे पत्र लिहिण्यामागची माझी खरी तळमळ आहे. त्या गाण्याच्या वाद्यवृंदाची मांडणी करणारे मायकेल केमन पुढे त्या बँडला अख्ख्या सिंफनी वाद्यवृंदाबरोबर मंचावर घेऊन आले (१९९९, सॅन फ्रान्सिस्को सिंफनी), आणि २०२१ मध्ये त्या अल्बमच्या तीस वर्षांनिमित्त त्रेपन्न कलावंतांनी त्यातली गाणी नव्याने केली तेव्हा त्यात या एकाच गाण्याची बारा रूपे होती. बँडचा बाज हरवला असता तर हे कशातून निघाले असते?

आपल्याकडे माझे मागणे फार नाही. 'ऊर्जा' हा रकाना काढून टाकावा असे मी सुचवेन. तो ठेवायचाच असेल तर त्याचा अर्थ नियमपत्रात दोन ओळींत लिहावा, म्हणजे उड्या मारणे आणि मोठा आवाज एवढाच त्याचा अर्थ मुले धरणार नाहीत. परीक्षकांची शेऱ्यांसह गुणपत्रके प्रत्येक बँडला लेखी द्यावीत. आणि एक तांत्रिक बाब, जी क्षुल्लक वाटेल पण नाही : आपल्या बहुतेक स्पर्धांत दोन बँडमध्ये जेमतेम दहा मिनिटे मिळतात, लाइन चेक (प्रत्येक वाद्याचा आवाज येतो की नाही एवढे पाहणे) होतो, साउंडचेक (सगळ्यांचा आवाज एकत्र जुळवणे) होत नाही, आणि ॲकूस्टिक गिटारसाठी डीआय बॉक्स (गिटार ध्वनियंत्रणेला नीट जोडणारी छोटी पेटी) मागितला तर "आणून बघतो" असे उत्तर मिळते. दणदणीत गाणे अशा व्यवस्थेतही निभावून जाते. संथ गाण्यात मॉनिटरमधली (वादकांकडे तोंड केलेल्या स्पीकरमधली) गुणगुण सुरापेक्षा मोठी ऐकू येते आणि श्रोत्यांना वाटते की बँडच कच्चा आहे. जानेवारीत असेच झाले होते. एक चांगला डीआय बॉक्स आणि पाच मिनिटे जास्त, एवढ्याने हे सुटेल. आपल्याकडे नसेल तर माझ्या वर्गातला मी देईन.

या वर्षीच्या स्पर्धांसाठी त्या बँडने पुन्हा अर्ज केले आहेत आणि गाण्यांच्या यादीत शेवटी तेच गाणे लिहिले आहे. मी त्यांना बदला असे सांगितले नाही. त्या गाण्याच्या शेवटी, सगळी वाद्ये थांबल्यावर, सहावी तार एकटी वाजत राहते. मी घड्याळ लावून मोजले आहे, ती विरायला चौदा सेकंद लागतात. ध्वनियंत्रकाने तोवर आवाजाची पट्टी खाली आणू नये आणि निवेदकाने माइक घेऊ नये, एवढे त्या दोघांना आधी कळवावे, ही नम्र विनंती.

आपला स्नेहांकित,
कोथरूडमधील एक गिटार शिक्षक